पाचवा बार

भावजी, तुम्ही गेल्याचं मला टँकरपाशी कळलं. घागर नळीखाली धरलेली, आणि मागून सरपंचाची सून म्हणाली, "आत्याबाई, मारुतीबाबा गेले की वो पहाटं." घागर भरली, वाहायला लागली, तरी माझा हात हलेना. बायका ओरडल्या, "आवं, पानी सांडतंय!" सांडलं. औंदा गावात कुणी ओंजळभर पाणी वाया घालवलं नव्हतं, ते मी घालवलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आसू द्या वहिनी, किडामुंगीच्या तोंडात गेलं." दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालायची तुम्हाला भारी हौस. त्या हौसेनं मला जन्मभर जाळलंय, हे तुम्हाला कधी कळलं का?

खरं सांगते, रडू आलं नाही. राग आला. एक गोष्ट ह्या गावात फक्त दोघांना ठाऊक होती, तुम्हाला आणि मला. तुम्ही आपलं हात झटकून निघून गेलात आणि ती माझ्या एकटीच्या गळ्यात राहिली. मी सत्तरी ओलांडलेली बाई. ही गोष्ट घेऊन मेले तर तुम्ही कायमचे चुकलेले राहाल. बोलले तर माझं काय राहील? आठ दिवस मी ह्याच विचारात घरात बसून होते.

लोक विचारायचे, मारुतीबाबाशी तुमचं एवढं वाकडं कावून? मी म्हणायची, "ज्याचं जळतं त्यालाच कळतं." लोक मान हलवायचे. वीराची बायको आहे, बोलणारच, असं म्हणायचे.

तो मोठा दुष्काळ आठवतो ना? आठवत असणारच, तुमचं सगळं आयुष्य त्यात गेलं. सुकडी खाऊन दिवस काढायचे, खडी फोडायची, आणि सगळ्या तालुक्यात जिकडं तिकडं सुरुंगाचे बार. तलावाचं काम, रस्त्याचं काम, विहिरीचं काम. आमच्या मालकांच्या डोक्यातून निघालं की एकेकट्यानं विहीर खांदून काही होत नाही, बावीस घरांनी मिळून एक सोसायटी काढायची आणि एकच खोल विहीर पाडायची. मालक चेअरमन झाले. चेअरमन म्हणजे काय, तर सगळ्यांच्या आधी खाली उतरायचं आणि सगळ्यांच्या नंतर वर यायचं. आणि सुरुंगाला तुम्ही. लहानपणापासूनचे दोस्त तुम्ही दोघं, ते तुम्हाला 'मारत्या' म्हणायचे, तुम्ही त्यांना 'ज्ञानबा'. चेअरमन झाल्यावर तुम्ही एकदा त्यांना 'साहेब' म्हणालात, तर त्यांनी तुमच्या पाठीत ढेकूळ हाणलं होतं.

तुमचे कान तेव्हाच गेले होते. दहा-बारा वर्षं बार उडवून उडवून डाव्या कानाला काहीच नाही आणि उजव्याला अगदी ओरडलं तर. पण तुमची मोजायची तऱ्हा निराळी होती. वाती पेटवायच्या, दोराला धरून वर यायचं, काठापासून लांब खडकावर उपडं पडायचं आणि उजव्या हाताचा तळवा खडकाला लावायचा. मी हसायची. तुम्ही म्हणायचात, "कानापरीस हात खरा, वहिनी. कान इकडचं तिकडचं समदं ऐकतो. हाताला फकस्त आपल्या हिरीचं कळतं."

आणि नियम एकच. जितकी भोकं भरली तितके बार वाजले पाहिजेत. एक जरी कमी पडला, तर तो मागाहून कधीही उडेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत विहिरीत कुणी पाय घालायचा नाही. खुद्द चेअरमननं सुद्धा नाही.

त्या दिवशी पाच भोकं होती. दुपारची वेळ, मजूर वर येऊन भाकरी सोडून बसलेले. बार दुपारीच उडवायचे, माणसं लांब असतात म्हणून. सगळ्या कामांवर तीच वेळ. मी टोपल्यात भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आले होते आणि माझा जीव टँकरकडं लागला होता. चावडीपाशी टँकर यायचा, आणि उशीर झाला तर रांगेत मागं पडायचं, मागं पडलं की रिकाम्या घागरीनं घरी. घरात पोर तापानं फणफणलेलं. मी रस्त्याकडं बघत होते, धुरळा दिसतो का म्हणून. पहिला बार झाला. दुसरा, तिसरा लगोलग. चौथा जरा थांबून. आणि मग अजून एक ऐकू आला.

भावजी, हे मी आजवर कागदावर सुद्धा लिहिलं नव्हतं. तो पाचवा आवाज लांबचा होता. दबका होता. टेकाडाच्या पलीकडं तलावाच्या कामावर त्याच वेळी बार उडायचे, हे मला ठाऊक होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला तेव्हाच कळलं होतं की हा आपला नव्हे. पण धुरळा दिसला होता. टँकर आला होता.

तुम्ही मान वर केलीत. "वहिनी, किती झाले?"

"पाच."

"मला चारच लागले."

"तुमाला काय ऐकू येतंय, भावजी? पाच झाले म्हंते ना! मोजलेत मी."

तुम्ही तळवा पुन्हा खडकाला लावलात. मालक हसले. म्हणाले, "चौथी शिकलीया ती, मारत्या. तिचं गनित आपल्या दोघांपरीस पक्कं हाय." मग टोपल्याकडं बघून मला म्हणाले, "झाकून ठीव. वल दिसती का तेवढं बघून येतो, मग खातो." आणि दोर धरला.

तुम्ही "थांब बे" म्हणालात. दोनदा म्हणालात. दुसऱ्यांदा त्यांच्या दंडाला धरलंत. त्यांनी दंड सोडवून घेतला, आणि मी घागर उचलून चालायला लागले. पाचवा बार मी चावडीच्या वाटेवर ऐकला. तो मात्र नीट ऐकला.

तिसऱ्या दिवशी दगड-माती वर काढली तेव्हा खाली पाणी दिसलं. त्याच बारानं झरा फुटला होता. त्या पाण्यावर आपलं गाव तो उन्हाळा जगलं. जनावरं जगली. मीही प्यायले. काय करणार होते, पोराला पाजायचं होतं. पहिला घोट घशाखाली उतरेना, आणि दुसऱ्या दिवसापासून सरळ उतरायला लागला, हे सांगायची सुद्धा लाज वाटते.

मग चावडीवर चौकशी झाली. साहेब लोक आले. त्यांनी विचारलं, बार कुणी मोजले? मी बायकांत बसले होते, पदर नाकापर्यंत ओढून. तुम्ही एकदाच माझ्याकडं बघितलंत. पदरातून मला दिसलं. आणि तुम्ही म्हणालात, "म्या मोजले, साहेब. चुकलो."

मी गप्प बसले.

त्यानंतर तुम्हाला एकाही विहिरीवर कुणी बोलावलं नाही. "मारत्याचं मोजमाप चुकतं," असं लोक सहज बोलून जायचे, तुमच्या तोंडावर, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून. तुम्हाला सगळं कळायचं, ओठांवरून. अख्ख्या पंचक्रोशीत तुमच्यासारखा सुरुंगवाला नव्हता, आणि तुम्ही बायकांच्या जात्यांना छिन्नीनं टाकी लावत दारोदार हिंडलात. पाटे-वरवंटे नेकनूरच्या बाजारात मांडून बसलात. माजलगावच्या धरणावर दगड घडवायला गेलात, दोन वर्षं परत आला नाहीत. मागं तुमच्या बायकोनं, सर्जाबाईनं, खडी फोडून दोन पोरं मोठी केली. आणि मी? मला सोसायटीत घेतलं. वीराची बायको, तिला काहीतरी द्यायला पाहिजे. पुढं दूध सोसायटी निघाली, तिची सेक्रेटरी केलं, मग चेअरमन. झेंडावंदनाला नारळ माझ्या हातात. लोक उठून खुर्ची द्यायचे. मी तिच्यावर बसायची, भावजी. बसता बसता सवय झाली.

आता दगडाचं सांगते.

ओढ्याच्या काठाला जुने वीराचे दगड आहेत. कोण कुठले, कुणाला ठाऊक नाही. तीन तीन खणांचे. खालच्या खणात लढाई, गाईंचा कळप, आडवा पडलेला माणूस. मधल्या खणात दोन अप्सरा त्याला बखोटीला धरून वर नेतात. वरच्या खणात तो महादेवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. पाडव्याला गाई ओवाळल्या की त्यांना त्या दगडांवरून फिरवून आणायची आपली रीत. गाईंसाठी मेले म्हणून. लहानपणापासून तुम्ही त्या दगडांपाशी बसून खडूनं पाटीवर त्यांची चित्रं काढायचात, असं मालक सांगायचे. मास्तरांनी मारलं तरी काढायचात.

मालकांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही बैलगाडी घेऊन माझ्या दारात आलात. गाडीत गोणपाटात गुंडाळलेला दगड. म्हणालात, "वहिनी, ज्ञानबाचा वीर. खालचे दोन खन झालेत. वरचा ऱ्हायलाय. वरचं घरच्यानं सांगायचं आसतं. काय कोरू?"

मी गोणपाट काढू दिलं नाही. मला वाटलं, खालच्या खणात विहीर असणार, आणि विहिरीच्या काठावर एक बाई, हाताची पाच बोटं वर केलेली. चावडीवर तोंडानं बोलला नाहीत ते तुम्ही दगडात बोलला असाल, आणि तो दगड गावाच्या ओढ्याला कायमचा उभा राहील. सगळी गल्ली गोळा झाली होती. मी ओरडले, "ज्यानं मारला त्यानंच वीर घडवावा? न्या तो दगड! ह्या दारात परत दिसू नका!"

बाया डोळे पुसायला लागल्या. तुम्ही माझ्या ओठांकडं बघत होतात. सगळं वाचलंत. बैलांचं तोंड फिरवलंत आणि गेलात.

मी चावडीवर गप्प बसले तो एक गुन्हा. हा दुसरा. पहिल्याला निदान भीती होती म्हणता येईल, वय होतं म्हणता येईल. हा मी तोंड उघडून, मोठ्यानं केला.

तरी तुम्ही निर्लज्जासारखे परत आलात. चार-सहा महिन्यांनी, जात्याला टाकी लावायला. मी नको म्हणाले, तुम्ही खाली बसून छिन्नी काढलीत. काम झालं, पीठ झटकलंत आणि विचारलंत, "वर काय कोरू, वहिनी?" तेव्हापासून वर्षानुवर्षं तेच. डेअरीवर शेळीचं दूध घेऊन आलात की, बाजारात भेटलात की, लग्नाच्या पंगतीत सुद्धा. मी चिडायची. "चुकीनं मेलेला मानूस वीर कसा हो? कुनाशी लढला त्यो?" तुम्ही म्हणायचात, "गाईपायी मेला त्यो वीर. मग पान्यापायी मेला त्यो कोन?" मी म्हणायची, "त्यो हट्टापायी मेला." तुम्ही म्हणायचात, "हट्टाबिगर वीर आसतोय व्हय?" ह्या भांडणात मी तुम्हाला एकदाही जिंकू दिलं नाही आणि तुम्ही एकदाही सोडलं नाहीत.

बीडहून ते कॉलेजचे मास्तर आले होते, आठवतं? ओढ्याच्या दगडांचे फोटो काढायला. पाणी प्यायला डेअरीत आले, तुम्हीही होतात. त्यांच्यापाशी एक जाड पुस्तक होतं. कुठल्या तरी उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले, समुद्रातल्या बेटावरचे दगड. आपल्यासारखेच, मेलेल्या माणसासाठी उभे केलेले, हजार-बाराशे वर्षांचे. तुम्ही पुस्तक मांडीवर ओढून घेतलंत. खाली शिडाचं जहाज, त्यात माणसं. वर घोड्यावर बसून मेलेला माणूस येतोय, आणि त्याच्या समोर एक बाई उभी, हातात शिंगाचं भांडं, प्यायला देतेय. घोड्याला आठ पाय.

"आठ पाय!" मी म्हणाले. "कारागीर पिऊन बसला हुता काय?"

तुम्ही हसत सुटलात. "न्हाई वहिनी, पळतोय त्यो. दगडात पळतंय आसं दावायचं तर पाय जास्तीचेच लागत्यात." मग बोट त्या बाईवर ठेवून बराच वेळ बसलात. मास्तरांना म्हणालात, "म्हंजी तिकडं वर गेल्यावर देव न्हाई भेटत. घरची बाई पानी घिऊन उभी आसती." मास्तर म्हणाले, पाणी नव्हे, दारू असावी. तुम्ही म्हणालात, "ज्याला जे पायजे ते." त्या दिवसानंतर तुम्ही मला 'वर काय कोरू' विचारणं बंद केलंत. मला वाटलं, थकलात.

एकदा मी सांगायला निघाले होते. खरंच. पोराचं लग्न झालं त्या वर्षी, डेअरीत कुणी नव्हतं. मी म्हणाले, "भावजी, त्या दिवशी बार..." तुम्ही कानाला हात लावलात. "ऐकू येत न्हाई, वहिनी."

खोटारडे! मी तोंडातल्या तोंडात दिलेली शिवी तुम्हाला चाळीस पावलांवरून कळायची. ओठ वाचून तुम्ही माझं भविष्य सांगितलं असतंत. तुम्हाला ऐकायचं नव्हतं, एवढंच. चावडीवर तुम्ही दिलेलं ते दान मी परत करू पाहत होते आणि तुम्ही घेतलं नाहीत. उपकार करणाऱ्यानं निदान परतफेडीला तरी हात पुढं करावा. हे मी रागानं लिहितेय. आणि हेही लिहिते की तुम्ही त्या दिवशी ऐकून घेतलं असतंत, तर मी घरी येऊन मोकळी झोपले असते आणि गावाला काही सांगितलं नसतं. हे तुम्हाला कळलं होतं की काय, कोण जाणे.

तुम्हाला माती देऊन आठ दिवस झाल्यावर सर्जाबाईचा निरोप आला. "दगड न्यायचा का न्हाई, इच्चारा म्हनावं."

मी ओढा ओलांडून तुमच्या वस्तीत पहिल्यांदा गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या दारात तो दगड उपडा पडलेला, त्याच्या पाठीवर सर्जाबाईनं वर्षानुवर्षं धुणं धुतलेलं. पाठ गुळगुळीत झालेली. दोन्ही लेक पहारी घेऊन उभे. थोरला म्हणाला, "आबाच्या उशाला दगड लावायचाय, काकू. हाच लावावा म्हंतो आमी. पर आई म्हंती, हा तुमचा हाय."

"उलटा करा," मी म्हणाले.

त्यांनी पहारी घातल्या आणि दगड उलथवला. मातीत रुतलेला होता, किडे पळाले. सर्जाबाईनं तांब्यातलं पाणी टाकलं, तळहातानं माती पुसली. मग हळूहळू दिसायला लागलं.

खालच्या खणात विहीर. दोराला धरून उतरणारा माणूस, मुंडासं अगदी मालकांसारखं एका बाजूला कललेलं. काठावर एक माणूस उपडा पडलेला, तळवा जमिनीला. तुम्ही. आणि दुसरं कुणीच नाही. मी जिथं बसले होते, तिथला दगड तुम्ही घासून साफ ठेवला होता. मधल्या खणात त्याला वर नेणाऱ्या दोन बायका, डोक्यावर घागरी घेतलेल्या. आणि वरच्या खणात पिंड नाही, देव नाही. एक बाई उभी, हातात पाण्याचा लोटा पुढं केलेला, आणि तिच्या पायाशी झाकलेलं टोपलं.

पन्नास वर्षं मी ज्या दगडाला भ्याले, त्यात मी होते. पण तिथं नव्हते.

मी खाली बसले. थोरला वाकून बघत होता. म्हणाला, "आबाच्या हाताखाली हे ठिपके कसले?" आणि बोट लावून मोजले. तळव्याच्या खाली, खडकात, छिन्नीच्या टोकानं मारलेले ठिपके. "एक, दोन, तीन, चार." तो थांबला. "बार तर पाच मोजले हुते ना आबानं? मग हे चार कावून?"

सर्जाबाई माझ्याकडं बघत होती. तुम्ही चावडीवर बघितलंत तसं. ह्या खेपेला माझ्या तोंडावर पदर नव्हता.

"त्येंनी चारच मोजले हुते," मी म्हणाले. "पाच म्या सांगितले. तलावावरचा बार आपल्यात धरला. टँकर आला हुता, मला घाई हुती. त्येंनी दोनदा अडवलं. आमच्या मालकांनी माझं ऐकलं. आन चावडीवर त्येंनी माझा गुन्हा आपल्या अंगावर घेतला, आन म्या घिऊ दिला."

धाकट्याच्या हातातली पहार खाली पडली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं, आणि वस्तीबाहेर चालत गेला. लहानपणी शाळेत पोरं त्याला 'चुकल्याचा' म्हणायची, हे मला माहीत होतं. मी शाळेच्या कमिटीवर होते.

सर्जाबाई बराच वेळ दगड पुसत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हुतं, बाई."

"त्येंनी सांगितलं?"

"त्ये कशाला सांगत्यात. त्ये बहिरे हुते. बहिरा मानूस चावडीवर म्हंतो, म्या पाच मोजले. साहेबाला ठावं नव्हतं. पर गावाला तर ठावं हुतं, ह्यो बहिरा हाय, हातानं मोजतो, आन हाताला लांबचा बार लागत न्हाई. एकानंबी इच्चारलं न्हाई, आरं मारत्या, तू मोजलं कसं?"

मी सर्जाबाईचे पाय धरले. तिनं ते ओढून घेतले नाहीत आणि मला उठवलंही नाही. एवढंच म्हणाली, "हे हितं बोलून भागत न्हाई. चावडीवर ग्येलं हुतं, चावडीवर यायला पायजे."

तुमच्या दहाव्याला सगळा गाव ओढ्याला होता, चावडीच तिथं आलेली. चेअरमनकाकू दोन शब्द बोलतील, असं सरपंच म्हणाला. मी दोनच बोलले. मोजलं मी होतं, मारुतीभावजींनी नाही. नंतर जे झालं ते ऐका, कारण ते तुम्हाला माझ्याहून चांगलं समजेल. कुणी ओरडलं नाही. कुणी थुंकलं नाही. आपला म्हातारा पाटील म्हणाला, "जाऊ द्या, आत्याबाई. झालं गेलं. आता कशाला." माणसं माना खाली घालून पत्रावळी मांडायला लागली. मला वाटलं होतं, माझी खुर्ची जाईल. कुणी ती मागितली सुद्धा नाही. त्यांना तुमचं चुकणं सोयीचं होतं, भावजी, आणि माझं चुकणं गैरसोयीचं. दुसऱ्या दिवशी मी डेअरीचा राजीनामा लिहून दिला. धाकटा अजून माझ्याकडं बघत नाही. त्याचं बरोबर आहे.

दगड तुमच्या उशाला लावला. सर्जाबाई म्हणाली, ज्ञानबादादाचा आहे तो, तुमच्या दारात न्या. मी म्हणाले, ज्यानं दुसऱ्याचा वार अंगावर घेतला, त्याचा आहे. ह्या भांडणात तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ओढ्याचे जुने वीर तिथून दिसतात. पाडव्याला गाई तुमच्यावरूनही फिरवाव्यात, असं मी थोरल्याला सांगितलंय. तो हो म्हणालाय.

लोक गेल्यावर मी मागं राहिले. ऊन चढलेलं, ओढ्यात पाण्याचा टिपूस नाही, टेकाडापलीकडं कुठं तरी जेसीबी घरघरतोय. गुडघे वाकत नाहीत आता, तरी कशीबशी खाली बसले, आणि तुमच्यासारखा उजव्या हाताचा तळवा खडकाला लावला. खडक तापलेला. जेसीबीचा आवाज कानाला येत होता, हाताला काहीच येत नव्हतं. तुम्ही सांगत होतात ते खरं होतं.

तुम्ही मला विचारलं होतंत, वहिनी, किती झाले.

चार, भावजी. चार झाले होते.